दुपारचा अर्धा तास

नोकरी करणाऱ्या माणसाला दुपारी साडेबाराच्या सुमारास एक प्रश्न हमखास पडतो: आज काय जेवायचे? प्रश्न इतका किरकोळ आहे की त्यालाही इतिहास असेल अशी शंका कोणाला येत नाही. परंतु तो जरा उलगडून पाहिला, तर त्याच्या पोटात आणखी तीन प्रश्न दडलेले दिसतात. जेवायला वेळ कोणी दिला? कोणाच्या हातचे जेवायचे? आणि किती पैशांत? या तिन्ही प्रश्नांचा काही ना काही निकाल लागल्यावरच 'काय' हा चौथा प्रश्न विचारण्याची सोय होते. मुंबईतल्या कामकरी आणि नोकरदार माणसाच्या बाबतीत हा निकाल लागायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली, आणि तो सर्वांच्या बाबतीत सारखा लागलेला नाही. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या क्रमाने त्या इतिहासाकडे पाहण्याचा प्रयत्न आहे.

यंत्रयुगापूर्वीच्या आपल्या समाजात जेवणाची वेळ घड्याळावर ठरत नसे. शेतकऱ्याची न्याहारी बांधावर येई, ती कारभारणीचे घरातले काम उरकले म्हणजे. प्रवासाला निघालेल्याच्या खांद्यावर शिदोरी असे आणि ती सोडण्याची जागा पाणवठा पाहून ठरे. ब्राह्मणी घरात स्नान, पूजा, नैवेद्य झाल्याशिवाय पान मांडले जात नसे. वेळेचा हिशेब सूर्याशी, पाण्याशी किंवा देवाशी होता. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवच्या त्या गिरणीत प्रत्यक्ष काम सुरू झाले. तेव्हापासून या शहरात वेळ सांगणारा एक नवा आवाज ऐकू येऊ लागला. तो गिरणीच्या भोंग्याचा. भोंगा कामावर बोलावीत असे. जेवायला सोडण्याची सक्ती मात्र त्याच्यावर नव्हती. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत, म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने लहान मुलांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घातली, परंतु प्रौढ कामगाराला दुपारी सुट्टी दिलीच पाहिजे असे त्यात कोठेही नव्हते.

ही सुट्टी मागितली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे सत्यशोधक चळवळीतले. काही काळ गिरणीत नोकरी केलेले. १८८० पासून 'दीनबंधु' हे पत्र मुंबईतून चालवणारे. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या आज वाचताना त्यांचा साधेपणा अंगावर येतो. आठवड्यातून रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर अपघात झाला तर भरपाई मिळावी. जेवण चांगले हवे, स्वस्त हवे, असे या निवेदनात नाही. मागणी आहे ती जेवता येईल एवढ्या वेळेची. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे भरलेल्या सुमारे दहा हजार कामगारांच्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मान्य झाली. दुपारच्या अर्ध्या तासाला मात्र आणखी थोडे थांबावे लागले. १८९१ च्या सुधारित कायद्याने दुपारच्या वेळी अर्धा तास काम थांबवणे बंधनकारक केले. हिंदुस्थानातील गिरण्यांवर निर्बंध यावेत अशी लँकेशायरच्या गिरणीमालकांची इच्छा होती आणि कायद्यामागे त्यांचाही रेटा होता, ही गोष्ट इतिहासकारांनी वारंवार नोंदवली आहे. ती खरी आहे. पण त्यामुळे लोखंड्यांच्या निवेदनाचे मोल कमी होत नाही. अर्धा तास हा कामगाराचा हक्क आहे, हे आधी कोणीतरी मराठीत आणि कामगारांच्या सभेत म्हणावे लागले होते.

कारकुनाची गोष्ट वेगळी. त्याला भोंगा नव्हता, पण साहेबाच्या कचेरीची वेळ होती. ही वेळ त्याच्या जेवणाच्या नेमकी आडवी आली. मग त्याने दुपारचे जेवण सकाळी ओढले. नऊ-साडेनऊला वरणभात, भाजी, पोळी असे पूर्ण जेवण उरकून कचेरी गाठायची आणि मधल्या सुट्टीत काहीतरी किरकोळ तोंडात टाकायचे, हा पांढरपेशा मराठी घरांचा परिपाठ कित्येक दशके टिकला. या घरातली बाई पहाटेपासून चुलीपाशी असे, कारण साऱ्या घराचे घड्याळ कचेरीच्या घड्याळाला बांधले गेले होते. दुपारी बाहेर जेवण्याऐवजी सकाळी इतक्या घाईने जेवून जाण्याचे कारण काय? बाहेर खाण्यासारखे काही मिळत नव्हते, हे अर्धेच उत्तर झाले. बाहेर मिळणारे खाता येत नव्हते, हे त्याचे उरलेले अर्धे. येथे आपण दुसऱ्या प्रश्नाशी येतो: कोणाच्या हातचे?

ज्या १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्यात पंचहौद मिशनमधील चहापानाचे प्रकरण घडले. गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने तेथे जमलेल्या मंडळींत रानडे, टिळक, गोखले असे नामवंत होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. काहींनी घेतली, काहींनी नुसता हात लावला. पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली आणि ग्रामण्याचा मोठा वाद पेटला. बहिष्कार, धर्मपीठापर्यंत गेलेली चौकशी, प्रायश्चित्ते असे ते प्रकरण दोन वर्षे पुरले. मराठी वैचारिक इतिहासात या घटनेची चर्चा सुधारक आणि सनातनी यांच्यातील संघर्ष म्हणून होते आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्याकडे कारकुनाच्या बाजूनेही पाहता येईल. रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांना एका कपासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागत असेल, तर फोर्टातल्या कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्या सामान्य माणसाने दुपारी परक्या हातचे जेवावे कसे?

मुंबईतील डबेवाल्यांच्या परंपरेचा आरंभही १८९० च्या सुमाराचाच सांगितला जातो. मावळातून आलेल्या महादेव हावजी बच्चे यांनी हा व्यवसाय सुरू केला, अशी डबेवाले स्वतः जपत आलेली हकीकत आहे. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेली माणसे उपनगरांतल्या घरांतून डबे गोळा करतात, लोकलमधून आणतात, झाकणावरच्या खुणांवरून त्यांची वाटणी करतात आणि जेवणाच्या सुट्टीपूर्वी ते टेबलापर्यंत पोचवतात. १९५६ मध्ये त्यांच्या संस्थेची विश्वस्त म्हणून नोंदणी झाली. अलीकडच्या काळात व्यवस्थापनशास्त्राने त्यांचे अमाप कौतुक केले. पाच हजार माणसे आणि दोन लाख डबे हा आकडा सर्वतोमुखी झाला होता. २०२० च्या टाळेबंदीनंतर तो पुष्कळ खाली आला. या कौतुकात एक गोष्ट बहुधा सुटून जाते. ही सारी व्यवस्था ज्या गरजेवर उभी राहिली, ती गरज केवळ चवीची किंवा काटकसरीची नव्हती. घरचे अन्न म्हणजे आपल्या जातीच्या, आपल्या धर्माच्या, आपल्या सोवळ्याओवळ्याच्या नियमांत शिजलेले अन्न. रेल्वे आणि गिरणीच्या आधुनिक शहराने माणसाला घरापासून दहा-वीस मैल लांब नेले. डबेवाल्याने त्याच रेल्वेच्या साहाय्याने घराचा चौका कचेरीच्या टेबलावर आणून मांडला. नव्या साधनाने जुनी रीत टिकवण्याचे इतके देखणे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

या डब्याने भाषेतही जागा पटकावली. मराठीत 'डबा' हा शब्द भांड्यापुरता राहिला नाही; 'डबा खाल्लास का?' असे आपण विचारतो तेव्हा डबा म्हणजेच जेवण. शिदोरीचा वारसा त्याने घेतला, पण एक फरक झाला. शिदोरी माणसाबरोबर जात असे आणि ती कोठे, केव्हा सोडायची हे तो ठरवी. डबा माणसाच्या मागून येतो. तो उघडेपर्यंत आत काय आहे, हे खाणाऱ्याला ठाऊक नसते. आज काय जेवायचे, हा प्रश्न डबा खाणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांच्या पुरुषांना पडलाच नाही. तो पडला घरातल्या बाईला, आणि तोही आदल्या रात्री, भाजी निवडताना. रितेश बत्रा यांच्या २०१३ च्या 'द लंचबॉक्स' या चित्रपटात एक डबा चुकून भलत्याच टेबलावर जातो. त्या चुकीचे सामर्थ्य येथे आहे: डब्यातले अन्न कोणीतरी विचार करून शिजवलेले असते, हे ज्या नवऱ्याला जाणवलेले नव्हते ते परक्या माणसाला जाणवते.

उपाहारगृहांनी हा चौका हळूहळू मोडला, पण एका फटक्यात नव्हे. इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलाशी कोणीही बसू शकत असे. धोबीतलावचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चे. ब्रिटानियाची तर ख्यातीच कचेऱ्यांतल्या माणसांना दुपारी जेवू घालण्याची. परंतु ज्यांना इराण्याचा पाव आणि खिमा चालत नव्हता, त्यांच्यासाठी 'ब्राह्मणी' आणि 'हिंदू' अशा पाट्या लावलेली भोजनगृहे निघाली. दक्षिण कानड्यातून आलेल्या उडुपी मंडळींनी माटुंग्यासारख्या भागात भोजनालये काढली, ए. रामा नायक यांचे माटुंग्यातील उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. उडुपी भोजनालयांच्या यशात स्वच्छता आणि स्वस्ताईबरोबरच आचारी ब्राह्मण असण्याचाही वाटा होता, कारण त्याच्या हातचे जेवायला जुन्या नियमानेही अडचण नव्हती. म्हणजे बाहेर जेवण्याची मुभा मिळाली ती जातीच्या नियमाला वळसा घालून. पुण्याच्या सुधारकांना वाद घालून जे साधले नाही, ते मुंबईच्या भुकेने वाद न घालता बरेचसे साधले, हे खरे. पण भूक नियम मोडत नाही, ती त्यातून वाट काढते, हेही तितकेच खरे.

नियम कोठे मुळीच वाकला नाही, हे पाहायचे असेल तर गिरणीत जावे लागेल. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना जास्त मजुरीच्या विणखात्यात प्रवेश नसे. कारण असे की धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि एकाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याने ओठाला लावणे स्पृश्य विणकरांना मंजूर नव्हते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. पिण्याच्या पाण्याची भांडीही वेगळी असत. जेथे धोटा विटाळतो आणि पाणी विटाळते, तेथे दुपारच्या सुट्टीत कोण कोणाशेजारी भाकरी सोडतो, हे वेगळे सांगायला नको. अर्धा तास सर्वांना एकाच कायद्याने मिळाला. तो घालवण्याच्या जागा मात्र वेगवेगळ्या राहिल्या. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. जात लपवून रेल्वेच्या नोकरीत आणि परक्या वस्तीत निभावू पाहणाऱ्या तरुणाची त्यातील शीर्षककथा आपण शिकवतो, तेव्हा विद्रोहाबद्दल बोलतो. त्याबरोबरच हेही लक्षात आणून द्यायला हवे की लपवलेली जात रोज चव्हाट्यावर येण्याचा धोका असतो तो अशाच साध्या प्रसंगांत: कोणी पाणी देऊ केले, कोणी घरी जेवायला बोलावले. 'चल, आज माझ्या डब्यातले खा' हे वाक्य सर्वांनाच सहज उच्चारता किंवा ऐकता येत नव्हते.

गिरणगावातील बहुसंख्य पुरुषांना मात्र डबा करून देणारे घरच येथे नव्हते. १९२१ च्या मुंबईत दर दोन पुरुषांमागे जेमतेम एक स्त्री होती. रत्नागिरी, सातारा, घाटावरची गावे येथून आलेले पुरुष बायकामुलांना गावी ठेवून गाळ्यांत दाटीवाटीने राहत, पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. राजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकारांनी गिरणगावातील शेजार, उधारी आणि गावकी यांचे जाळे संपाच्या काळात कसे आधार देत असे, ते दाखवले आहे. खाणावळ हा या जाळ्यातला एक महत्त्वाचा धागा. ती चालवणारी बहुधा एखादी विधवा, टाकलेली किंवा नवऱ्याची कमाई न पुरणारी बाई. दहा बाय दहाच्या खोलीत स्टोव्हवर वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक. गाव आणि जात पाहून माणसे खाणावळ धरीत. पैसे पगाराच्या दिवशी, महिन्याच्या हिशेबाने. ताटात काय पडेल, हे बाजारभाव आणि वार ठरवी; खाणाऱ्याला पसंती विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पगार लांबला किंवा संप झाला की माणसे उधारीवर जेवत आणि बाई वाण्याकडून चढ्या व्याजाने उचल घेई. संपाचा इतिहास पुढाऱ्यांच्या भाषणांतून लिहिला जातो. संपकऱ्यांना रोज दोन वेळा कोणी वाढले, हे त्यात क्वचितच येते.

हे पाहिले ते प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमाताईंनी १९७५ मध्ये खाणावळवाल्या बायकांची 'अन्नपूर्णा महिला मंडळ' ही संघटना उभारली. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, पण खाणावळवालीला तारण काय ठेवायचे हा पेच होताच. बायकांच्या गटाने एकमेकींची हमी घ्यायची आणि बँकेने कर्ज द्यायचे, ही रीत त्यांनी बसवली आणि सावकाराच्या पाशातून अनेकींची सुटका केली. येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. कामगाराने अर्धा तास मागितला १८८४ मध्ये; त्या अर्ध्या तासात त्याच्यापुढे ताट ठेवणारी बाई 'कामगार' म्हणून मोजली जायला त्यानंतर नव्वद वर्षे लागली.

आता तिसरा प्रश्न: किती पैशांत? मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची केलेली पाहणी १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. कुटुंबाच्या खर्चातला निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जात होता. त्या पाहणीने कामगारांच्या आहाराची तुलना दोन सरकारी प्रमाणांशी केली होती. निष्कर्ष असा की कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळी कामांच्या नियमांत ठरवलेल्या कमाल प्रमाणाइतके होते, पण मुंबईच्या तुरुंगांच्या नियमावलीत कैद्यासाठी ठरवलेल्या आहाराहून कमी. म्हणजे जेवण निवडण्याचे स्वातंत्र्य असलेल्या माणसाला ते स्वातंत्र्य नसलेल्या माणसाहून कमी मिळत होते. 'काय जेवायचे' हा प्रश्न पैशाशिवाय विचारला तर तो किती पोकळ होतो, हे दाखवायला हे एक वाक्य पुरेसे आहे.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला उत्तर देण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला कायद्याचा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात सलग पाच तासांहून अधिक काम न घेता किमान अर्धा तास विश्रांती देण्याचे बंधन आले आणि अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह चालवण्याची तरतूद झाली. कँटीनच्या लाकडी बाकावर, एकाच दराच्या कूपनावर, वेगवेगळ्या जातींची माणसे शेजारी बसू लागली, याचे श्रेय या रूक्ष कलमाला द्यायला हवे. दुसरा मार्ग संघटनेचा. ज्यांच्या डोक्यावर कारखान्याचे छप्परच नव्हते, अशा पुण्याच्या हमालांसाठी बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' हे ना नफा ना तोटा तत्त्वावरचे केंद्र काढले. पोते वाहणाऱ्याने दुपारी पोटभर, स्वच्छ आणि परवडेल असे जेवावे, एवढाच त्यामागचा विचार. लोखंड्यांनी वेळ मागितली. हमाल पंचायतीने ताटाची सोय केली. दोन्ही मागण्यांच्या मध्ये नव्वद वर्षांचे अंतर आहे, पण जात एकच आहे, असे मला वाटते.

वडापावचा इतिहासही याच प्रश्नाशी जोडलेला आहे. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बटाटा, बेसन, पाव, लसणाची चटणी. ताट नको, पाणी नको, बसायला जागा नको. एका हातात धरून गाडीच्या वेळेआधी संपवता येते. त्याचे गोडवे आपण पुष्कळ गातो, आणि ती चव गोडवे गाण्याजोगी आहेच. पण वडापाव हे जेवणाचे रूप धरून आले ते कधी, हेही पाहिले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो विधिवत संपलाच नाही. गिरण्याच संपत गेल्या. भोंगा बंद झाला, त्याबरोबर खाणावळीचे महिन्याचे गिऱ्हाईकही गेले. काम सुटलेल्यांपैकी कोणी रिक्षा धरली, कोणी पहारेकरी झाले, कोणी वड्याची गाडी टाकली. पूर्वी जे मधल्या वेळचे खाणे होते, ते आता अनेकांचे दुपारचे जेवण झाले. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. दुपारचे ताट राज्यसंस्थेला जाहीरनाम्यात घ्यावे लागते, याचा अर्थ तिसरा प्रश्न अजून मिटलेला नाही.

या साऱ्या काळात एक माणूस असा होता की ज्याला तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकट्याने द्यावी लागली. तो म्हणजे नोकरी करणारी बाई. तिच्यासाठी डबा करून पाठवणारे घरात कोणी नव्हते, कारण ते करणारी तीच होती. पहाटे उठून नवऱ्याचा, मुलांचा आणि शेवटी उरले ते आपला असे डबे भरायचे, लोकल पकडायची आणि संध्याकाळी परतताना लेडीज डब्यात बसून उद्याची भाजी निवडायची, हे दृश्य मुंबईकरांच्या इतके परिचयाचे आहे की त्यातला अर्थ दिसेनासा झाला आहे. दादर-पार्ल्यासारख्या भागांत पोळी-भाजी केंद्रे निघाली तेव्हा 'घरच्या चवीचे' ही त्यांची जाहिरात होती. ती चव नेमकी कोणाच्या कष्टांची, हे आता निदान दर लावून विकले जाऊ लागले. एका घरातली बाई पैसे देऊन सुटली, ती दुसऱ्या घरातली बाई पैसे घेऊन पोळ्या लाटू लागली म्हणून. कष्ट नाहीसे झाले नाहीत. त्यांना मजुरी मिळाली, एवढे मात्र झाले, आणि ते लहान नाही.

आज परळ, लोअर परळ येथील गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. तेथे काम करणारा तरुण किंवा तरुणी दुपारी मोबाइल उघडते आणि शेकडो पदार्थांच्या चित्रांवरून बोट फिरवते. वेळ आहे, कोणाच्या हातचे, हे विचारण्याची गरज वाटत नाही, पैसे आहेत. लोखंड्यांच्या निवेदनापासून येथवरचा प्रवास पाहिला तर ही निवड म्हणजे केवढी कमाई आहे, हे मान्यच केले पाहिजे. निवडीचा कंटाळा येतो अशी तक्रार या पिढीकडून ऐकू येते. तिला हसू नये. ज्या प्रश्नाचे उत्तर आजवर आई, बायको, खाणावळवाली किंवा जात देत होती, ते आता ज्याचे त्याला द्यावे लागते, आणि ही सवय समाजाला नवी आहे.

पण निवड झाल्यावर ते अन्न आणून देतो कोण? पाठीवर चौकोनी पेटी घेतलेला जो मुलगा इमारतीच्या फाटकाशी उभा असतो, त्याची सर्वात जास्त धावपळ नेमकी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान असते. इतरांच्या जेवणाची सुट्टी हीच त्याच्या कामाची भर. त्याला भोंगा नाही, फाटक नाही, कँटीन नाही. तो कोणाचा नोकर आहे, हेही सरळ सांगता येत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'प्लॅटफॉर्म कामगार' ही संज्ञा आली खरी, परंतु तिचा विषय विमा आणि निधी हा आहे. दुपारच्या विश्रांतीबद्दल ती काही बोलत नाही. डबेवाल्यांशी त्याची तुलना केली जाते, पण डबेवाले ठरल्या वेळी डबे पोचवून, एकत्र बसून आपापल्या भाकऱ्या सोडत आले आहेत. हा मुलगा गाडीवर बसल्या बसल्या वडापाव खातो, आणि खाता खाता त्याचा मोबाइल वाजतो.

१८८४ च्या त्या निवेदनातल्या पाच मागण्यांपैकी दुसरी मागणी दुपारच्या अर्ध्या तासाची होती. ती मान्य झाली, कायद्यात आली, सवयीची झाली आणि मग विसरली गेली. विसरलेली मागणी नव्याने करण्याची वेळ आली आहे, आणि ती ज्यांनी करायची त्यांना सभा भरवायलाही दुपार मोकळी नाही. आज काय जेवायचे, हे ठरवताना एवढे जरी आपल्याला आठवले, तरी लोखंड्यांच्या त्या साडेपाच हजार सह्या वाया गेल्या नाहीत असे म्हणता येईल.